कुंपणाच्या आत

३ ऑक्टोबर १९९३, रविवार

गड्यांच्या खोलीत चार खाटा आहेत आणि माणूस मी एकटा. रेडिओवर एकच स्टेशन लागतं, त्यावर गुरांचे भाव सांगतात. म्हणून ही वही आणली. आठवीपुढे शाळा केली नाही, तेव्हा चुका होतील. वाचणार तरी कोण आहे.

केंटकीहून निघालो ते तेलाच्या विहिरीवर कामाला. तिथे टिकलो नाही. मग साखरेच्या कारखान्यात, तिथला वास सहन होईना. आता मोंटानातल्या या गुरांच्या रँचवर. माझं नाव ऑरिन टॅकेट, पण मुकादम मर्ल पहिल्या दिवसापासून मला 'केंटकी' म्हणतो आणि आता गावातही तेच चालू झालंय.

सध्याचं काम म्हणजे खांब रंगवणं. रस्त्याकडेच्या कुंपणाच्या प्रत्येक खांबाला वरून हातभर नारिंगी रंग. इथला कायदा असा की नारिंगी खांब दिसला की समजायचं, जमीन खासगी, विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. जुने मालक रंगवत नसत. नव्या मालकानं वसंतात रँच घेतली. तो लांबच्या शहरात राहतो, छोट्या विमानानं येतो. शिकारीच्या हंगामात त्याचे पाहुणे येणार आहेत, त्याआधी सगळं कुंपण रंगून व्हायला हवं.

मर्ल माझ्याबरोबर खाली उतरत नाही. गाडीत बसून बोटानं दाखवतो. कमरेचं हाड गेलंय म्हणतो. पण परवा वासरामागे चांगला धावला.

८ ऑक्टोबर

रस्त्याकडेच्या कुंपणाच्या मधोमध, झऱ्यासमोर, एक अरुंद फाटक होतं. माणूस वळसा घेऊन आत जाईल पण गाय जाणार नाही, असं. मर्लनं ते काढायला लावलं.

मी विचारलं, "हे कशाला केलं होतं?"

"जुन्या म्हाताऱ्याची हौस," तो म्हणाला आणि गाडीची काच वर केली.

फाटकाचे खांब इतके खोल गेले होते की पहारीनं हलवता हलवता दुपार झाली. त्या जागी तारा ओढल्या, ताणल्या. बोट लावलं तरी वाजतील अशा. शेवटचा खांब रंगवत होतो तेव्हा शाळेची पिवळी बस येऊन थांबली. मुलं घरी सोडून रिकामी परत चालली होती. चालवणारी बाई साठीची, डोक्यावर लोकरी टोपी, हात माझ्यापेक्षा जाड.

"काय रंगवतोयस रे, भोपळे?"

"खांब, बाई."

"बाई कुणाला म्हणतोस? मी हेस्टर. फाटक कुठं गेलं?"

"काढलं."

"तू काढलंस?"

"मर्लनं सांगितलं, मी काढलं."

तिनं बराच वेळ त्या ताणलेल्या तारांकडे पाहिलं. मग म्हणाली, "काम चांगलं करतोस. कुणासाठी करतोयस ते एकदा विचारून घे." आणि बस पुढे नेली. मला वाटलं, मालकाचं नाव विचारतेय. नाव मला माहीत होतंच की.

१७ ऑक्टोबर

मर्लकडे जेवायला गेलो होतो. त्याची बायको ओपल ऑक्सिजनची नळी नाकाला लावून खुर्चीत असते. नळकांडं खुर्चीच्या मागे, चाकावर. तरी तिनं 'ॲपल पाय' केला होता, सफरचंदं भरून भाजतात तो. म्हणाली, "बसून सफरचंदं सोलली, बसून पारी लाटली, बसूनच भाजला. फक्त भट्टीचं दार मर्लनं उघडलं आणि आता सगळ्यांना सांगतोय की त्यानं केला."

हे घर रँचचं आहे. तीस वर्षं राहतायत. मालकानं तोंडी सांगितलंय की मर्ल आहे तोवर घर आहे. ओपलबाई म्हणाल्या की गावात भाड्यानं घर मिळतं, पण सगळी जिना चढून जायची.

जेवणानंतर मर्लनं टेबलावर सरकारी नकाशा पसरला. सगळा मुलूख चौकोनांचा, एक चौकोन एक मैलाचा. पांढरे चौकोन खासगी, पिवळे सरकारचे, म्हणजे कुणीही जाऊन शिकार करावी. आमच्याकडे हद्द म्हणजे ओढा नाहीतर एखादं झाड, आणि रान कुणाचं विचारलं तर मामाचं नाहीतर काकाचं. इथे पट्टीनं आखल्यासारखं. मर्लनं रँचवर अंगठा ठेवला. त्याचा अंगठा मोठा आहे, झरा आणि रस्ता दोन्ही त्याखाली झाकले गेले.

"आणि हे मागचं पिवळं?"

"ते सरकारचं. पण जायला वाट नाही. ज्याच्याकडे हेलिकॉप्टर असेल त्यानं जावं."

"म्हणजे लोकांची जमीन आणि लोकांनाच जाता येत नाही?"

"मी बनवलेला नाही हा देश," मर्ल म्हणाला. मग नकाशा घडी करताना, "वरच्या कड्याकडे फिरकू नकोस. दगड सुटे आहेत तिथे. मागं एकाचा पाय मोडला." मला बरं वाटलं. काळजी करणारा मुकादम आजवर मिळाला नव्हता.

२४ ऑक्टोबर

हंगामाचा पहिला दिवस. पहाटेपासून रस्त्यावर गाड्या. माझं काम त्यांना परत पाठवायचं. दोघं भाऊ आले, बाप आणि मुलगी आले, एक म्हातारा आला. प्रत्येकजण फाटक शोधत तिथंच येऊन थांबायचा, नारिंगी खांबांकडे बघायचा, मग माझ्याकडे.

म्हातारा म्हणाला, "तुला उभं केलंय होय. मर्ल कुठंय?"

"घरी आहे. कंबर दुखते."

"दुखणारच," तो म्हणाला आणि थुंकून निघून गेला. इथले लोक मर्लची फार चौकशी करतात.

दिवसभर उभं राहून पायांचे गोळे झाले. खरं तर मला स्वतःला शिकारीची हौस. पण असं दिवसभर लोकांना नाही म्हणत राहिलं की संध्याकाळी बंदूक पुसायचीही इच्छा राहत नाही.

३० ऑक्टोबर, शनिवार

आज नको ते झालं.

सकाळी झऱ्याच्या बाजूला बार ऐकला. एकच. पाहुण्यांपैकी कुणी तिकडे नव्हतं. गाडी घेऊन गेलो तर हेस्टर. बर्फात गुडघे टेकून एल्कच्या मादीचं पोट उघडत होती. सांबरासारखीच, पण घोड्याएवढी. आतून वाफ येत होती. हेस्टरनं बाह्या कोपरापर्यंत वर केल्या होत्या. जनावराच्या पायाला शिकारीच्या परवान्याची चिठ्ठी बांधून झाली होती, एका जनावराला एक, कायद्याप्रमाणे.

मी म्हटलं, "हेस्टर, तुम्ही कुंपणाच्या आत आहात."

"आहे की. तारा फार घट्ट ओढल्यास तू. कोट फाटला माझा." मग मान वर न करता, "पाय धर जरा हा. नाही, मागचा."

मी पाय धरला. काय करणार, जनावर तापलेलं, मांस नासलं तर कुणाच्याच उपयोगाचं नाही. तिनं काम संपवलं, बर्फानं हात धुतले, मग बोलली. म्हणाली, ही जमीन सरकारची आहे. हद्द वर कड्यावरून जाते. कडा सगळा खडक, तिथे खांब रोवता येईना, म्हणून जुन्या लोकांनी कुंपण सोयीनं खाली रस्त्याकडेला घातलं. सरकारला मधल्या पट्ट्यातल्या गवताचं भाडं द्यायचे, आणि माणसांसाठी फाटक ठेवलं. सगळ्या खोऱ्याला माहीत आहे.

मला काही कळेना. कुंपण म्हणजे हद्द, नाहीतर कुंपण कशाला घालतात? वायरलेसवर मर्लला विचारलं. त्यानं सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "वॉर्डनला बोलाव. तूच बोलाव. तुझ्या डोळ्यांनी पाहिलंयस."

"पण ती म्हणते की..."

"ती कुठे आहे, कुंपणाच्या आत की बाहेर?"

"आत."

"मग तेवढंच सांग."

शिकारखात्याचा वॉर्डन बेंडर म्हणून आहे, या भागात नवा. त्यानं नकाशा गाडीच्या टपावर पसरला. कडा ते रस्ता हे अंतर नकाशावर पेन्सिलीच्या रेघेएवढं. त्यानं नकाशा पाहिला, रंगवलेले खांब पाहिले, मला विचारलं. मी जे पाहिलं ते सांगितलं. हेस्टर म्हणाली, "वर खडकात पितळेचं चिन्ह ठोकलंय, हद्दीचं. जा वर आणि बघ."

"ते कोर्टात सांगा, मॅडम," बेंडर म्हणाला. वाईट माणूस नाही. त्याला अजून दोन तक्रारींवर जायचं होतं.

एल्क तो घेऊन गेला. हेस्टरनंच त्याला गाडीत चढवायला मदत केली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

१ नोव्हेंबर

बेंडरकडे जाऊन लेखी जबाब दिला. 'मी ऑरिन टॅकेट, सदर बाई कुंपणाच्या आत शिकार करताना पाहिली.' खाली सही. मर्ल बाहेर गाडीत बसून होता. येताना त्यानं मला हॉटेलात मांसाचा मोठा तुकडा खाऊ घातला. म्हणाला, पोरा, मालक खूश होईल, वसंतात तुला घोडी देतो. स्वतः मात्र नुसती कॉफी पीत बसला.

६ नोव्हेंबर

दुकानात गेलो तर बोलणं बंद झालं. दुकानदारीणबाईनं तंबाखू आणि बॅटऱ्या ठेवल्या आणि माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघत म्हणाली, "हेस्टरचं तेवीस तारखेला आहे कोर्ट. माहीत असेलच तुला."

मग तिथंच उभ्या एका माणसानं मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. गुन्हा शाबीत झाला तर हेस्टरचा शिकारीचा परवाना काही वर्षांसाठी जाणार. नवरा गेल्यापासून तिचा हिवाळा त्या एका एल्कवर जातो. बसच्या पगारात जळण, औषधं होतात. मांस विकत नाही घेता येत. "ती बंदूक घेऊन मिरवणारी बाई नाही," तो म्हणाला. "तिच्यासाठी तो किराणा आहे."

"मग तुम्ही कुणी कोर्टात सांगा ना, हद्द वर आहे म्हणून."

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. एकाची मुलगी रँचच्या पाहुण्यांचा स्वयंपाक करते. दुसऱ्याची गुरं मालकाच्या कुरणात चरतात. तिसरा म्हणाला, "आम्ही ऐकलंय की वर आहे. चिन्ह पाहिलंय कुणी? मी तर नाही पाहिलं."

या आठवड्यात शाळेची बस दोनदा समोरून गेली. ती वेग कमी करत नाही.

७ नोव्हेंबर

हेस्टरकडे गेलो. का गेलो माहीत नाही, खोलीत बसवेना. ती अंगणात लाकडं फोडत होती. म्हणाली, "आत बोलावणार नाही. काय ते इथंच बोल."

मी म्हटलं, मी खोटं बोललो नाही.

"नाही बोललास. मी होतेच कुंपणाच्या आत. तुला कुणी विचारलं नाही की कुंपण कुठं आहे." कुऱ्हाड ओंडक्यात रोवून ती त्यावर टेकली. "माझा गुडघा बघ. त्या कड्यावर चढायला मला आता तू पाठीवर घ्यावं लागेल. मोजणीवाला आणायचा तर एल्कपेक्षा महाग पडतो. मी कोर्टात जाऊन काय सांगणार? पुरावा काय, तर म्हातारी म्हणते."

"चिन्ह कुठे आहे नेमकं?"

"नवऱ्यानं दाखवलं होतं, तेव्हा केस काळे होते माझे. कड्याच्या पश्चिमेच्या टोकाला. जुनिपरचं एक बुटकं झाड होतं. आता असेल नसेल." मग म्हणाली, "लाकडं रचायची आहेत. उभा आहेस तर रच."

रचली.

११ नोव्हेंबर

सुटी मागून कड्यावर गेलो. मर्लला सांगितलं की सशांच्या मागे जातो. दगड मुळीच सुटे नाहीत, घरासारखे पक्के आहेत. मर्लचा काहीतरी गैरसमज झाला असेल.

एके ठिकाणी दगडांचा ढीग दिसला. सगळे दगड हलवले. आत गंजलेला डबा निघाला, धनगरांचा असेल, त्यात शेंगांची दोन टरफलं. मग बर्फ सुरू झालं. हात बधिर. खाली येताना वाटलं, मी हे कुणासाठी करतोय? चिन्ह मिळालं तर नोकरी जाईल, नाही मिळालं तर हेस्टरचा परवाना जाईल. कारखान्यातला वास बरा होता.

१४ नोव्हेंबर, रविवार

मिळालं.

जुनिपर मेलेलं आहे, नुसतं खोड. मी त्यावर बसून डबा खात होतो. टाच घासली तिथे शेवाळाखाली हिरवट काहीतरी चमकलं. चाकूनं खरवडलं. बरणीच्या झाकणाएवढी पितळेची चकती, खडकात ठोकलेली. मधे अधिकचं चिन्ह, चार बाजूंना आकडे, खाली साल १९१२, आणि इशारा की जो हे हलवेल त्याला शिक्षा.

गुरांवर खुणा करायचा खडू खिशात होता. आकडे हाताच्या मागच्या बाजूला लिहून घेतले, पुसू नयेत म्हणून हातमोजा घातला नाही. मग चिन्हाजवळ उभं राहून खाली पाहिलं. पूर्वेला सरळ बघितलं तर सगळा कडा. आणि झरा, गवत, हेस्टरनं जनावर पाडलं ती जागा, रस्ता, माझे नारिंगी खांब, सगळं खाली. पण मला नकाशा नीट वाचता येत नाही. चकती दुसऱ्याच चौकोनाची असेल तर?

१६ नोव्हेंबर

गावातल्या जमिनीच्या कचेरीत गेलो. तिथली बाई म्हणाली, "तुला काय हवंय?" मी हात पुढे केला. दोन दिवस तो हात धुतला नव्हता.

तिनं हातावरचे आकडे वाचले, मला वाचलं, मग कपाटातून एक मोठा कागद काढला. "मी सल्ला देत नाही. मी फक्त कागद दाखवते."

"दाखवा."

तिनं बोट ठेवलं. "हे तुझं चिन्ह. इथून हद्द सरळ पूर्वेला जाते. उत्तरेला रँच, दक्षिणेला सरकार."

"आणि रस्त्याकडचं कुंपण?"

"कुंपण या कागदावर नाही. कुंपण कुणीही कुठंही घालतो." मग आवाज खाली आणून, "तू मर्लचा नवा गडी ना? मर्ल कसा आहे?"

"कंबर दुखते."

"हं," ती म्हणाली. कागदाची नक्कल करून दिली आणि वर म्हणाली, हात धू आता.

म्हणजे जे मी रंगवलं ते सगळं चूक. ज्यांना परत पाठवलं ते सगळे बरोबर होते. ती मुलगी, तो बाप. गाडीत बसून राहिलो.

१७ नोव्हेंबर

मर्लला सांगितलं. तो गोठ्यात औषधाची बाटली हलवत होता. मी म्हटलं, हद्द वर आहे, चिन्ह सापडलं, कचेरीतला कागद पाहिला. त्याला माहीत असतं तर त्यानं सांगितलं असतं, म्हणून मीच आधी सांगितलं, म्हणजे त्याला मालकाला कळवता येईल.

तो बाटली हलवतच राहिला. औषध केव्हाच मिसळलं होतं.

"असेल," तो म्हणाला.

"मग मालकाला सांगणार?"

"मालकाच्या पाहुण्यांनी पैसे भरलेत त्या पट्ट्यासाठी, केंटकी. तो काय म्हणेल ते मला सांगता येतं." मग म्हणाला, "ओपलला काल दवाखान्यात नेलं. तिथे तीन पायऱ्या आहेत. तीन. प्रत्येक पायरीवर थांबली."

मी म्हटलं, "मग कोर्टात मी काय करू?"

"तू तरुण आहेस. तुला कुठंही काम मिळेल." ते उत्तर होतं की काय, मला समजलं नाही. तो वासराजवळ गेला, गुडघे वाकवून बसला, सहज. मी कंबरेबद्दल काही बोललो नाही.

रात्री झोप नाही. मर्ल आणि ओपलबाई एका बाजूला, हेस्टर दुसऱ्या बाजूला. आणि मी कोण? मी फक्त खांब रंगवले.

२३ नोव्हेंबर

सकाळी माझी गाडी सुरू होईना. बॅटरी गेली. मर्ल आला, स्वतःच्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. "टाकी भरलेली आहे. कोर्टाला उशीर बरा नाही." दारातून वळून म्हणाला, "विचारलं तेवढं सांग. खरं तेवढं." मला वाटलं, त्याला माहीतच नाही मी काय सांगणार आहे, नाहीतर गाडी दिली नसती.

कोर्ट म्हणजे अग्निशमन बंबाच्या शेडमागची खोली. जज्ज इतर दिवशी लोकर विकत घेतो. हेस्टरनं फुलाफुलांचा झगा घातला होता, त्यावर तोच फाटका कोट. मालकाचा वकील आला होता, शहरातला, बूट बर्फानं ओले झाले म्हणून सारखा खाली बघत होता.

जज्जनं जबाब वाचून दाखवला. "ही तुझी सही?"

"हो साहेब."

"बाई कुंपणाच्या आत होती?"

"हो साहेब. पण कुंपण हद्दीवर नाही."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. मी नक्कल पुढे ठेवली, चिन्हाचे आकडे सांगितले, जुनिपरचं खोड सांगितलं. वकील उठला, म्हणाला, हा मुलगा मोजणीदार आहे का? याचं शिक्षण किती? मी म्हटलं आठवी. वकील हसला. जज्ज म्हणाला, "वर चढून गेलास तू?"

"दोनदा."

"आपण गेलात का?" हे वकिलाला. मग बेंडरला. बेंडर म्हणाला, काल संध्याकाळी गेलो होतो साहेब, चिन्ह आहे, तो सांगतो तिथंच. शेवाळ ताजं खरवडलेलं. मला हे माहीत नव्हतं. चिन्ह सापडल्याचं मी कचेरीतली बाई सोडली तर फक्त मर्लला सांगितलं होतं, गोठ्यात. त्यानंच फोन केला असेल असं मनात आलं, पण तसं का करेल तो?

मग जज्जनं ज्याची मला भीती होती तेच विचारलं. "हद्द कुंपणावर आहे, असं तुला कुणी सांगितलं होतं?"

मर्लचा अंगठा आठवला. मी म्हटलं, "आमच्या गावाकडे कुंपण म्हणजेच हद्द, साहेब. मी विचारलं नाही."

खटला काढून टाकला. हेस्टर म्हणाली, "मग माझी एल्क द्या."

बेंडर पायांकडे बघायला लागला. मांस नासू नये म्हणून नियमाप्रमाणे दुसऱ्याच आठवड्यात वृद्धाश्रमाला देऊन टाकलं होतं. खाऊन झालं.

हेस्टरनं फाटक्या कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, "माझी सासू आहे तिथे. तीस वर्षं माझ्या हातचं तिला गिळलं नाही. आता दोनदा वाढून घेतलं असेल." सगळे हसले. ती हसली नाही.

बेंडरनं वरिष्ठांना फोन करून तिला दुसरी चिठ्ठी मिळवून दिली. रविवारपर्यंत चालेल, रविवारी हंगाम संपतो.

२४ नोव्हेंबर

मर्ल सकाळीच आला. "मालकाचा फोन होता. दुपारच्या आत तू इथे नसायचंस."

"आणि तुम्ही?"

"मला विचारलं, मला माहीत होतं का. मी म्हटलं, पोरगा कोर्टात काय म्हणाला ते वकिलाला विचारा." तो खाटेच्या कडेवर बसला. माझ्या गाडीला त्यानं नवी बॅटरी बसवली होती, केव्हा ते कळलं नाही. ओपलबाईंनी डबा पाठवला होता.

मी सामान भरत होतो तेव्हा म्हणाला, "आकडे वाचता येतात अजून? त्या चकतीवरचे?"

"येतात."

"बरं," तो म्हणाला. उठताना त्याला खरंच वेळ लागला. कंबर खरी असावी शेवटी. मी उगाच संशय घेतला.

हेस्टरच्या लाकडाच्या खोपीत राहतोय. ती म्हणाली, रविवारपर्यंत. एल्क मिळाली तर तिचे फरे वाहून आणायला कुणीतरी लागेल.

२८ नोव्हेंबर, रविवार

शेवटचा दिवस. अंधारात निघालो. तिला कड्यापर्यंत न्यायला सकाळ गेली. काही ठिकाणी खरंच पाठीवर घेतलं, ती बंदूक माझ्या डोक्यावर धरून बसली आणि म्हणत होती, घोडा जरा डळमळतो. शुक्रवारपासून आम्ही रोज खालचा पट्टा पालथा घातला होता. ताजा माग एकही नाही. पाच आठवडे पाहुण्यांचे बार ऐकून कळप वर सरकला होता.

चिन्हाजवळ पोचलो आणि तिनं माझा दंड दाबला. कळप समोर होता. उत्तरेच्या उतारावर, म्हणजे रँचच्या बाजूला, हद्दीपासून फार तर शंभर पावलं, उन्हात चरत. मोकळं रान, वारा आमच्याकडे. आंधळ्यानंही चुकू नये असा नेम.

ती पोटावर झोपली, बंदूक खडकावर टेकवली. दुर्बिणीतून बघत राहिली. एक म्हातारी मादी हळूहळू आमच्याकडे यायला लागली. पन्नास पावलं. तीस. मग थांबली आणि तिथंच बर्फ उकरून गवत खायला लागली.

आम्ही थांबलो. ऊन सरकलं. माझे पाय मेले होते. हेस्टरचा श्वास वाजत होता, पण ती हलली नाही.

मी कुजबुजलो, "तीस पावलं आहेत. इथे दोघंच आहोत आपण. मारा, मी ओढून अलीकडे आणतो."

"गप्प."

"तुमच्याकडून तर त्यांनी जमीनच घेतली होती सगळी."

तिनं बंदुकीवरून डोळा काढून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांतून थंडीनं पाणी येत होतं. "आणि तू वर चढून चकती शोधलीस ती कशाला?"

ती परत दुर्बिणीला लागली. डोंगराआड ऊन जाईपर्यंत आम्ही पडून राहिलो. म्हातारी मादी चरत चरत वळली, कळपात मिसळली, कळप उताराच्या पलीकडे गेला. शिकारीची वेळ संपली तेव्हा हेस्टरनं घड्याळ पाहिलं, बंदुकीतली गोळी काढून खिशात टाकली आणि म्हणाली, "चल. मला उठव."

खाली यायला फार वेळ लागला. घरी आल्यावर तिनं बूट काढले, चूल पेटवली आणि बटाटे कापायला घेतले. मी अंडी फोडली. दोघांचं जेवण एकाच तव्यात झालं. ती म्हणाली, पुलाच्या कामावर माणसं घेतायत, पलीकडच्या तालुक्यात, उद्या जाऊन बघ. मी हो म्हटलं. मग ती खुर्चीतच झोपली, हातात काटा तसाच.